कोलेस्टेरॉलचे एक एंझाइम व त्याचे आनुवंशिक भेद

रक्तातील कोलेस्टेरॉल मोजले असता जो आकडा हाती येतो, त्यात दोन निराळे पदार्थ एकत्र मोजलेले असतात : मुक्त कोलेस्टेरॉल, आणि वसाम्लाशी संयोग पावलेले एस्टररूप कोलेस्टेरॉल. निरोगी मनुष्याच्या रक्तद्रवात दुसऱ्याचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असतो. हे प्रमाण मुख्यतः एकाच एंझाइमावर अवलंबून आहे. ते यकृतात तयार होते, अधिक घनतेच्या लायपोप्रथिनांच्या आश्रयाने रक्तात वावरते, आणि लेसिथीनमधील वसाम्ल कोलेस्टेरॉलला जोडते. ग्लोमसेट यांनी १९६२ मध्ये ही विक्रिया वर्णिली.

हे एंझाइम नसल्यास काय घडते, याचे उत्तर मात्र एका नॉर्वेजियन कुटुंबाकडून मिळाले. नोरुम व योने यांनी १९६७ मध्ये ज्या ३३ वर्षांच्या स्त्रीची तपासणी केली, तिच्या मूत्रातून प्रथिने जात होती, डोळ्यांचे स्वच्छमंडल धूसर होते व रक्तक्षय होता. रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ सर्व मुक्त स्वरूपातच आढळले. तिच्या दोन बहिणींतही हाच दोष निघाला. हा दोष अप्रभावी असल्यामुळे दोन्ही जनुके सदोष असल्याखेरीज रोग प्रकट होत नाही. हॅप्टोग्लोबिनाच्या भेदांबरोबर तो पिढ्यान्‌पिढ्या कसा चालतो हे पाहून १९७५ मध्ये हे जनुक १६ व्या गुणसूत्रावर असल्याचे ठरविण्यात आले.

१९७९ मध्ये स्वीडनमधून वर्णिलेला 'मत्स्यनेत्र रोग' प्रथम निराळाच भासला. डोळे उकडलेल्या माशासारखे दिसतात, परंतु मूत्रपिंडे शाबूत राहतात. वस्तुतः एंझाइम तेच आहे. त्याच्या ४१६ ॲमिनो अम्लांपैकी १२३ व्या स्थानी थ्रिओनिनाऐवजी आयसोल्यूसीन आले की अधिक घनतेच्या लायपोप्रथिनांवरील क्रिया नष्ट होते व कमी घनतेच्या लायपोप्रथिनांवरील टिकते. नॉर्वेतील उत्परिवर्तनात (२५२ व्या स्थानी मेथिओनिनाऐवजी लायसीन) दोन्ही क्रिया जातात.

दोन्ही रोगांत 'चांगले' म्हणविले जाणारे कोलेस्टेरॉल अत्यल्प असते. प्रचलित समजुतीप्रमाणे या रुग्णांना हृदयविकाराने हमखास ग्रासावयास हवे. पण तसे निर्विवादपणे आढळलेले नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या पाहणीतही याच जनुकाचा, हे कोलेस्टेरॉल घटविणारा एक भेद हृदयविकाराचा धोका वाढविताना दिसला नाही. तेव्हा कमी आकडा हेच रोगाचे कारण मानणे घाईचे होय. नॉर्वेजियन प्रकारात खरा घात मूत्रपिंडांचा होतो. मुक्त कोलेस्टेरॉल व लेसिथीन यांचे विकृत कण त्यांत साचतात, आणि एंझाइमाचा अभाव कायम असल्याने प्रत्यारोपित मूत्रपिंडातही ते पुन्हा साचू लागतात.