इंग्रजीतील अनियमित क्रियापदे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजीत बहुसंख्य क्रियापदांचा भूतकाळ मूळ रूपाला ‘ईडी’ हा प्रत्यय जोडून साधला जातो आणि ज्यांचा तसा साधला जात नाही, उदाहरणार्थ ‘सिंग’चा ‘सँग’ किंवा ‘गो’चा ‘वेंट’, त्यांना व्याकरणात अनियमित क्रियापदे म्हणतात. या नावामुळेच पहिला गैरसमज बळावला असावा, तो असा की या रूपांमागे कोणतीच व्यवस्था नाही आणि तीन रूपांचा तक्ता घोकण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर नाही. वस्तुस्थिती अशी की यांतील पुष्कळशी रूपे एका जुन्या, एकेकाळी पूर्ण नियमबद्ध असलेल्या पद्धतीचे अवशेष आहेत. जुन्या इंग्रजीत प्रत्यय न लावता धातूतील स्वर पालटून भूतकाळ दाखवणाऱ्या क्रियापदांचे सात वर्ग होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८१९ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या जर्मन व्याकरणात अशा क्रियापदांना ‘सबल’ आणि प्रत्यय घेणाऱ्यांना ‘दुर्बल’ अशी नावे दिली. या स्वरबदलाला अपश्रुती म्हणतात आणि तिची मुळे इंग्रजीच्याही पलीकडे, संस्कृत व इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेत आहेत. संस्कृतातील ‘वेद’ आणि ‘विद्म’ या एकाच धातूच्या रूपांत दिसणारा स्वरभेद त्याच प्रक्रियेचा साक्षीदार आहे. म्हणूनच ‘ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन’, ‘राइट, रोट, रिटन’ आणि ‘राइड, रोड, रिडन’ ही एका कुळातली ठरतात, तर ‘सिंग, सँग, संग’ आणि ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ ही दुसऱ्या.

मात्र सगळीच अनियमित क्रियापदे मूळची सबल होती असे समजणे हाही गैरसमजच होय. ‘कीप’चे ‘केप्ट’, ‘फील’चे ‘फेल्ट’, ‘मीट’चे ‘मेट’ ही रूपे दुर्बल गटातली, म्हणजे प्रत्यय लागूनच झालेली आहेत. प्रत्ययामुळे दोन व्यंजने लागोपाठ आली, त्यांच्या आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आणि मूळ रूपाशी असलेले साम्य पुसट झाले. ‘स्लीप’ तर मूळचे सबल असूनही मागाहून या गटात येऊन बसले.

अनियमित क्रियापदे अगणित आहेत ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. उपसर्ग लागून झालेली रूपे वगळली तर आजच्या इंग्रजीत ती दोनशेच्या आतच भरतात, पण ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’, ‘गो’, ‘गेट’, ‘मेक’, ‘नो’ अशी सर्वाधिक वापराची क्रियापदे त्यांच्यातच असल्याने ती पावलोपावली भेटतात आणि त्यांची संख्या मोठी भासते. वापर आणि अनियमितता यांचा हा संबंध योगायोगाचा नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ आणि आज ९८ अनियमित उरली आहेत, आणि एखादे क्रियापद दुसऱ्याच्या तुलनेत शंभरपट कमी वापरले जात असेल तर ते दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. रोज कानावर पडणारे रूप लहानपणीच स्मरणात पक्के होते, क्वचित लागणारे विसरले जाते आणि त्याच्या जागी प्रत्ययाचा नियम येतो. ‘हेल्प’चा ‘होल्प’ हा जुना भूतकाळ अशाच रीतीने मागे पडून ‘हेल्प्ड’ रूढ झाला.

‘गो’ आणि ‘वेंट’ यांचा परस्परांशी काहीच संबंध दिसत नाही, म्हणून इंग्रजीला विक्षिप्त ठरवण्याची प्रथा आहे. ‘वेंट’ हे वास्तविक ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचे रूप असून ते ‘गो’ने उसने घेतले. परंतु मराठी भाषकाने यावर हसावे अशी परिस्थिती नाही, कारण मराठीतील ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून आलेले आहे, भिन्न धातूंची रूपे एकाच क्रियापदाच्या नावावर जमा होण्याचा हा प्रकार दोन्ही भाषांत नेमका त्याच क्रियेच्या बाबतीत घडला आहे. ‘करणे’चे ‘केले’ आणि ‘मरणे’चे ‘मेला’ हीसुद्धा सरळ नियमाने सिद्ध होणारी रूपे नव्हेत.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे. तक्ता पाठ झाला की भूतकाळ अचूक येतो असे गृहीत धरले जाते, पण ‘ही डिड नॉट वेंट’ असे लिहिणाऱ्याला ‘वेंट’ हे रूप ठाऊक असते, नव्हे, ठाऊक असते म्हणूनच तो ते लिहितो. चूक रूपाची नसून रचनेची असते. मराठीत ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’ आणि ‘तो गेला का?’ या तिन्ही वाक्यांत भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावरच राहते. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न करताना ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद पुढे येते, भूतकाळाची खूण ‘डिड’च्या रूपाने स्वतःवर घेते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात, म्हणजे ‘गो’ म्हणूनच उरते. ‘हू वेंट?’ यासारख्या वाक्यात प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असल्यामुळे ‘डिड’ची गरज पडत नाही. हीच गोष्ट ‘ही हॅज वेंट’ या चुकीची. मराठीत ‘गेला’ आणि ‘गेला आहे’ यांत एकच रूप चालते, पण इंग्रजीत ‘हॅव’, ‘हॅज’ व ‘हॅड’ यांच्यामागे तिसरे रूप, म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित येते; म्हणून ‘हॅज गॉन’. ‘काल मी त्याला पाहिले आहे’ असे मराठीत म्हणता येते, पण ‘यस्टरडे’सारखा संपलेला काळ सांगितला की इंग्रजी ‘हॅव सीन’ स्वीकारत नाही, तेथे ‘सॉ’ हेच रूप लागते.

कुळांचे ज्ञान उपयोगी असले तरी त्यावर विसंबून नवे रूप तयार करता येत नाही. ‘सिंग’चे ‘सँग’ म्हणून ‘ब्रिंग’चे ‘ब्रँग’ होत नाही, ‘ब्रॉट’ होते. सारख्या दिसणाऱ्या जोड्या अधिक फसव्या असतात. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, त्याचा भूतकाळ ‘ले’. तर ‘ले’ म्हणजे ठेवणे, त्याचा भूतकाळ ‘लेड’. आणि खोटे बोलणे या अर्थाच्या ‘लाय’चा भूतकाळ ‘लाइड’. ‘फाइंड’चे ‘फाउंड’ होते, पण संस्था स्थापन करणे या अर्थाच्या ‘फाउंड’चे ‘फाउंडेड’ होते. ‘रीड’चे लेखन तिन्ही रूपांत तेच राहते, उच्चार मात्र पुढच्या दोन रूपांत ‘रेड’ होतो.

बदल केवळ नियमिततेच्या दिशेने होतो असेही नाही. ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ असा नियमित असताना पुढे ‘डग’ रूढ झाला आणि अमेरिकेत ‘स्नीक’चे ‘स्नक’ एकोणिसाव्या शतकात अवतरले. ज्याला अमेरिकनांची नवी मोडतोड समजले जाते ते ‘गॉटन’ उलट जुने इंग्रजी रूप आहे, जे अमेरिकेत टिकले आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ लोपले. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’, ‘बर्न्ट’ आणि ‘बर्न्ड’ या जोड्यांतील दोन्ही रूपे शुद्ध असून पहिले ब्रिटिश लेखनात अधिक आढळते, दुसरे अमेरिकन लेखनात. उत्तरपत्रिकेत किंवा लेखात त्यांपैकी कोणतेही एक निवडावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे.