खोडलेली ओळही शाबूत राहते तिथे

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या किल्ल्यावर विकिपीडियात लिहायचं असेल तर काम सोपं आहे. अचलपूरच्या नवाबाने तो १७५७ मध्ये पुरा केला, असं लिहा, पुस्तकाचा संदर्भ जोडा आणि मोकळे व्हा. आता बाळापूरच्या आमदारांचं चरित्र लिहायला बसा. पानावरच्या माहितीच्या चौकटीत साधा रकाना असतो: पक्ष. काय भराल?

नितीन देशमुख २०१९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी पक्षात बंड केलं आणि त्यांच्यासोबतचे आमदार सुरतेला गेले, त्यांत देशमुखही होते. इकडे अकोल्यात त्यांच्या पत्नीने ते बेपत्ता असल्याची तक्रार दिली. दोनच दिवसांत ते नागपुरात उतरले आणि म्हणाले, मला बळजबरीने नेलं, रुग्णालयात जबरदस्तीने इंजेक्शन दिलं. शिंदे गटाने हे नाकारलं आणि विमानातली छायाचित्रं पुढे केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण गोठवलं. उद्धव ठाकरे यांच्या गटाला नवं नाव आणि मशाल मिळाली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी जुनं नाव आणि चिन्ह शिंदे गटाकडे गेलं. देशमुख ठाकरेंसोबतच राहिले आणि २०२४ मध्ये मशालीवर पुन्हा निवडून आले.

म्हणजे माणूस जागचा हलला नाही आणि त्याच्या पक्षाचं नाव मात्र बदललं! अशा चरित्रात रकान्याचं उत्तर तारखेवर ठरतं.

आणि हे पान कुणी सांभाळायचं? पगारी संपादक नाही, छापखाना नाही. तुम्ही, मी, अंजनगावचा एखादा विद्यार्थी, पुण्यातली एखादी निवृत्त शिक्षिका. 'संपादन' दाबलं की पान लिहायला उघडं. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, मग तर कुणीही काहीही लिहील! लिहितातच. तरी हे चालतं कसं?

समजा, कुणी घाईत लिहिलं: 'त्यांचे अपहरण झाले.' दुसऱ्याने ते बदललं: 'आपल्याला बळजबरीने नेल्याचा आरोप त्यांनी केला, शिंदे गटाने तो फेटाळला.' आता 'इतिहास' उघडा. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात, गेलेले शब्द पिवळ्या खुणेत, आलेले निळ्या. बाजूला वेळ मिनिटापर्यंत, बदल करणाऱ्याची ओळख, आणि पान किती बाइटने वाढलं तो आकडा. इथे एक गंमत पाहा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. त्यामुळे 'पक्ष' एवढाच शब्द घातला तरी यंत्र +१२ दाखवतं. प, क, हलन्त आणि ष अशी चार चिन्हं त्याने मोजलेली असतात!

तलाठ्याकडच्या फेरफार नोंदी आठवा. शेत कुणाकडून कुणाकडे गेलं, हे सातबारा पुसून कळत नाही. जुनी नोंद राहते, तिच्यापुढे नवी येते. इथेही तसंच. चुकीचा बदल मागे फिरवला तरी तो झाला होता आणि मागे फिरवला, या दोन्ही नोंदी टिकतात. फारच बदनामीकारक मजकूर असेल तरच प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले संपादक, ती आवृत्ती लोकांच्या नजरेआड करतात. मला यातलं सगळ्यात विलक्षण हे वाटतं की या कोशाने चुका लपवायचं नाही असं ठरवलं, आणि त्याची विश्वासार्हता त्यातूनच आली.

छापील कोशाला ही सोय नव्हती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड उभे केले, ही अचाट गोष्ट. पण त्यांच्या हाती फक्त शाई होती. खंड छापून वाचकाच्या घरी गेला की त्यातली ओळ परत बोलावता येत नसे.

पडद्यावरची ओळ परत बोलावता येते, पण आधी ती कुणाच्या तरी नजरेस पडावी लागते. अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथॉलर यांच्या पानावर मे २००५ मध्ये कुणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं! चार महिन्यांहून जास्त काळ ते तसंच राहिलं. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक नियम आला: वादग्रस्त विधानाला भक्कम संदर्भ नसेल तर चर्चेची वाट न पाहता ते काढा. इतर लेखांत 'संदर्भ हवा' अशी खूण लावून थांबता येतं. जिवंत माणसाच्या अब्रूबाबत थांबायचं नाही.

स्वतः नेत्याने किंवा त्याच्या कार्यकर्त्याने आपलं पान रंगवू नये, अशीही अपेक्षा असते. तक्रार असेल तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर मांडावी. तिथले वाद वाचावेत! 'आरोप' लिहायचं की 'दावा', यावर एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं तासन्तास बातम्यांचे दुवे शोधत बसतात. मोबदला शून्य.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. नवख्याला हात बसवण्यासाठी तिथे 'धूळपाटी' आहे, मोठ्या चर्चेसाठी 'चावडी'. आज रात्री एवढं करा: शिवसेनेच्या पानाचा इतिहास उघडा, खाली जून २०२२ पर्यंत जा आणि त्या महिन्यातली कुठलीही तारीख दाबा. पान त्या दिवशी जसं होतं तसं उघडेल. मग पुढची आवृत्ती उघडा, मग तिच्या पुढची.