उन्हाळ्याचा जमाखर्च

ऋतू पालटतो तसे माणसाचे चित्तही पालटते, हे आपल्या काव्याने वसंताच्या आणि वर्षेच्या निमित्ताने वारंवार सांगितले आहे. परंतु खानदेशात, तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो, पऱ्हाट्या उपटलेली काळी जमीन भेगाळून उघडी पडते आणि दुपारच्या प्रहरी गावेच्या गावे निर्मनुष्य भासतात, तेथे माणसाला स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहण्यास लावणारा ऋतू ग्रीष्म हाच होय, असे माझे मत आहे.

या मताला पहिला आधार आखाजीचा. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात दिवाळीच्या तोलाचा. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या गड्याचे, साल या दिवशी संपते, उचल आणि मजुरी यांचा हिशेब होतो, जुना करार चालू ठेवायचा की दुसरे घर धरायचे हे ठरते. त्याच दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर पूजली जाते, आणि माहेरी आलेल्या लेकी निंबाला बांधलेल्या झोक्यावर, एरवी ओठांवर न येणारे सासरचे सुखदुःख गाण्यांतून मोकळे करतात. चाकरीचे देणे, पितरांचे ऋण आणि लेकींचे गाऱ्हाणे ही एकाच तिथीला समोर येतात, कारण पेरणीला अजून अवकाश असतो आणि वर्षभर कामाच्या रगाड्यात मागे सारलेले आता सारता येत नाही. या हिशेबात सालदाराच्या नावे पुष्कळदा बाकीच निघे. म्हणून आत्मपरीक्षणाचा पहिला बोजा मालकावर पडतो, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरा आधार धुळ्याच्या तुरुंगाचा. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, म्हणजे माघापासून ज्येष्ठापर्यंत, अठरा रविवारी विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली, आणि अमळनेरच्या शाळेतील अध्यापन सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. खानदेशी उन्हाळ्याच्या ऐन भरात, दगडी भिंतींआड, सरकारच्या कैद्यांनी कर्म आणि कर्मफळ यांचा विचार रविवारमागून रविवार केला, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला लाभला.

ऋतू माणसाला उभारी देतोच असे मात्र नाही. धरणगावी १८९० साली जन्मलेले, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेले बालकवी श्रावणाचे कवी म्हणून घरोघरी ठाऊक आहेत. पण त्यांच्या उत्तरकाळातील कवितेत एक अनामिक उदासीनता दाटत गेली, आणि १९१८ च्या ५ मे रोजी, भर उन्हाळ्यात, भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. सृष्टीवर इतके प्रेम करणाऱ्यालाही तिने आधार दिला नाही, या विचाराने मन आजही व्याकूळ होते.

त्यांच्याहून दहा वर्षांनी वडील असलेल्या, आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची, वाट वेगळी. निरक्षर, तरुण वयात वैधव्य, पदरी लेकरे; परंतु पेरणी, कापणी, मळणी, उपणणी ही शेतीची कामेच तिच्या चिंतनाची पायरी झाली. वारा पडला की उपणणी थांबते आणि तो येईपर्यंत धीर धरावा लागतो, हे खळ्यावर उभे राहून शिकलेल्या स्त्रीला दुःखातही सारासार निवडता आले. १९५१ साली ती गेली. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी छापली गेली. माझ्या मते ऋतूंपासून शिकणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत नाही.

आणि उन्हाळ्यात निघालेली बाकी फेडण्याची सोय श्रावणात कानबाई या खानदेशच्या लोकदेवीने केली आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, घरातील पुरुषांच्या संख्येवर तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजले जातात, सुरत-मुंबईला पोटासाठी गेलेले गावी परततात, आणि वर्षभर अबोला धरलेल्या भावांनाही एका पंगतीस बसावे लागते, कारण रोट भाऊबंदांनीच मिळून संपवायचा असतो.