समजून घ्या : रसायनांसाठी होज पाइप कसा निवडायचा? दिसायला सारखा पाइप का ठरतो घातक?

पुणे : कासारवाडीतील महापालिकेच्या जलतरण तलावात 10 ऑक्टोबर 2023 रोजी क्लोरीन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्यांसह अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. धोकादायक रसायने केवळ कुरकुंभ एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांतच असतात असे नाही, हे त्या दिवशी शहराला कळले. भोसरीतील प्लेटिंगची वर्कशॉप, जलशुद्धीकरण केंद्रे, रंग आणि सॉल्व्हंटची गोदामे अशा अनेक ठिकाणी रसायन टँकरमधून टाकीत किंवा ड्रममधून यंत्रात सोडले जाते. या कामात वापरला जाणारा होज पाइप हा सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत नाजूक भाग असतो. तो वाकतो, ओढला जातो, उन्हात पडून राहतो. तरीही अनेकदा खरेदी होते ती फक्त ‘किती इंची’ एवढे विचारून.

होजच्या आत काय असते?

रसायनांच्या होजला साधारण तीन थर असतात. आतले अस्तर रसायनाच्या थेट संपर्कात येते. मधली कापडाची किंवा तारेची जाळी दाब पेलते. बाहेरचे आवरण ऊन, घासणे आणि सांडलेल्या थेंबांपासून संरक्षण देते. बाहेरून दिसते ते फक्त आवरण. निवड मात्र आतल्या दोन थरांवर ठरते.

एका चुकीच्या जाळीमुळे 22 टन क्लोरीन बाहेर

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, फेस्टस शहराजवळ ‘डीपीसी एंटरप्रायझेस’च्या प्रकल्पात 14 ऑगस्ट 2002 रोजी रेल्वे टँकरमधून क्लोरीन उतरवताना एक इंची होज फुटला. आपत्कालीन व्हॉल्व्हही नीट बंद झाले नाहीत. सुमारे तीन तासांत जवळपास 22 टन क्लोरीन हवेत गेला आणि 63 जणांना वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागली.

तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात कारण पुढे आले. या होजचे अस्तर टेफ्लॉनचे होते आणि त्यावरची जाळी ‘हॅस्टेलॉय सी-276’ या मिश्रधातूची असायला हवी होती. प्रत्यक्षात ती 316 एल स्टेनलेस स्टीलची निघाली. टेफ्लॉनमधून सूक्ष्म प्रमाणात झिरपलेल्या क्लोरीनने ती जाळी दोन महिन्यांच्या आत खाऊन टाकली. कागदपत्रांवर हॅस्टेलॉयच लिहिलेले होते आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात.

कोणत्या रसायनाला कोणते अस्तर?

सर्व रसायनांना चालेल असा स्वस्त होज मिळत नाही. ढोबळ अंदाज असा :

- ईपीडीएम रबर : सौम्य आम्ले आणि कॉस्टिकसाठी चांगले. तेल, टोल्युइन, झायलीनमध्ये मात्र फुगते.
- नायट्राइल रबर : डिझेल आणि तेलासाठी योग्य. ॲसिटोन आणि तीव्र आम्लांसाठी नाही.
- व्हायटॉन : पेट्रोलजन्य द्रव आणि अनेक आम्लांना टिकते. ॲसिटोन आणि अमाइन्समध्ये खराब होते.
- यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन : अनेक आम्ले, अल्कली आणि सॉल्व्हंट चालतात. म्हणून वेगवेगळी रसायने हाताळणाऱ्यांची याला पसंती असते.
- पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन : जवळपास सर्वच रसायनांना टिकते, पण महाग. काही वायू त्यातून झिरपतात.

फक्त रसायनाचे नाव सांगून भागत नाही, तीव्रताही सांगावी लागते. 98 टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादी टाकीत साठवता येते, पण तेच पाणी घालून सौम्य केले की पोलाद खाते. रबराच्या बाबतीत बऱ्याचदा उलटे घडते. सौम्य आम्ल सोसणारे ईपीडीएम तीव्र आम्लात टिकत नाही.

दाब, उष्णता आणि स्थिर वीज

होजवर छापलेला कामाचा दाब आणि तो फुटण्याचा दाब यांत रसायनांच्या होजसाठी साधारण चारपट अंतर ठेवले जाते. हे अंतर सुरक्षिततेसाठी असते, जास्त दाबाने पंप चालवण्यासाठी नाही. तापमान वाढले की दाब पेलण्याची क्षमता घटते. पंपाने द्रव ओढायचा असेल, तर तारेची स्प्रिंग असलेला सक्शन होजच हवा, नाहीतर पाइप आत दबून चपटा होतो.

टोल्युइनसारखे सॉल्व्हंट वाहताना स्थिर वीज तयार होते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. त्यामुळे ज्वलनशील द्रवांसाठी वीजवाहक होज घ्यावा. एका टोकाच्या कपलिंगपासून दुसऱ्या टोकापर्यंत वीजवहन होते का, हे तपासावे आणि टँकरला अर्थिंग जोडावे.

कपलिंगही तितकेच महत्त्वाचे आहे. होज योग्य, पण कॅमलॉकमधले गॅस्केट चुकीच्या रबराचे असेल तर गळती तिथूनच सुरू होते. साध्या स्क्रू क्लिपवर आम्लाची लाइन चालवणे धोक्याचे आहे.

चांगला होजही बदलावाच लागतो

अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियातील बेल येथे ड्यूपाँटच्या कारखान्यात 23 जानेवारी 2010 रोजी फॉसजीन या विषारी वायूचा होज फुटला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. तो होज दर 30 दिवसांनी बदलायचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे सात महिने वापरात होता.

प्रत्येक होजवर रसायनाचे नाव, लावल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख असलेला टॅग हवा. फुगवटा, भेगा, मऊ पडलेली जागा, मोड किंवा कपलिंगजवळ ओल दिसली, तर तो होज लगेच काढावा. फुटलेला भाग कापून उरलेला पुन्हा जोडू नये. एका रसायनाचा होज दुसऱ्यासाठी वापरू नये. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले, तर त्यातून क्लोरीन वायू तयार होतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला काय सांगाल?

- आतला व्यास आणि लांबी किती हवी?
- रसायनाचे आणि बाहेरचे तापमान किती?
- वापर कशासाठी : द्रव ढकलायला की ओढायला?
- रसायन कोणते, किती तीव्रतेचे?
- पंपाचा कमाल दाब किती?
- दोन्ही टोकांना कोणते कपलिंग आणि कोणते गॅस्केट?
- होजसोबत चाचणी प्रमाणपत्र आणि बॅच क्रमांक मिळणार का?

रसायनाची माहिती सेफ्टी डेटा शीटमध्ये असते. 1989 च्या धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार ती ठेवणे बंधनकारक आहे. ती शीट आणि होज उत्पादकाचा रसायन-सुसंगतता तक्ता समोर ठेवूनच ऑर्डर द्यावी. क्लोरीनसारख्या वायूसाठी प्रमाणपत्रावरही थांबू नये. जाळीचा धातू कोणता, हे यंत्राने तपासून मगच होज लाइनवर चढवावा.