झऱ्याच्या तापमानावरून पर्वतीय पर्माफ्रॉस्टचा शोध

उंच पर्वतांच्या उतारांवर जमिनीखाली चिरगोठित भूमी अर्थात पर्माफ्रॉस्ट आहे किंवा नाही, याचा अंदाज तेथून उगम पावणाऱ्या झऱ्यांच्या पाण्याचे तापमान मोजून बांधता येतो. ही पद्धत मुख्यतः आल्प्स पर्वतात विकसित झाली. साधने अल्प आणि खर्च नगण्य असल्यामुळे विस्तृत प्रदेशाच्या प्राथमिक पाहणीसाठी ती विशेष उपयुक्त ठरते. मात्र तिचे निष्कर्ष शक्यतेच्या भाषेत मांडले जातात, खात्रीच्या नव्हे.

पार्श्वभूमी

जी जमीन किंवा जो खडक सलग किमान दोन वर्षे ०° से. किंवा त्याहून कमी तापमानात राहतो, त्यास पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ही व्याख्या केवळ तापमानावर आधारलेली आहे. बर्फ असणे ही तिची अट नाही. हिमनदी दुरूनही दिसते, पर्माफ्रॉस्ट मात्र दिसत नाही. उन्हाळ्यात त्याच्या वरचा थर वितळतो व भूपृष्ठ इतर कोणत्याही दगडाळ उतारासारखेच भासते. त्याचा सर्वांत ठळक दृश्य पुरावा म्हणजे शिलाहिमनदी. दगडगोटे आणि बर्फ यांचे हे मिश्रण उतारावरून जिभेच्या आकारात अतिशय संथपणे सरकते. बर्फ पूर्णपणे वितळून गेल्यावर तिची हालचाल थांबते आणि केवळ आकार शिल्लक राहतो. अशा शिलाहिमनदीला अवशिष्ट म्हणतात.

जमिनीखाली काय आहे हे निश्चितपणे जाणण्याचा मार्ग म्हणजे विंधन. स्वित्झर्लंडमधील कोर्व्हाच शिखराजवळील मुर्टेल शिलाहिमनदीत १९८७ मध्ये सुमारे ६० मी. खोलीचे छिद्र घेण्यात आले आणि तेथील तापमानाच्या नोंदी तेव्हापासून होत आहेत. परंतु असे काम मोजक्याच ठिकाणी शक्य असते. शेकडो उतारांची पाहणी करायची झाल्यास अप्रत्यक्ष खुणांवरच विसंबावे लागते.

तत्त्व

सामान्यतः जमिनीत खोलवरून येणाऱ्या झऱ्याचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते, तर उथळ भागातून वाहणाऱ्या झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात हळूहळू तापत जाऊन उन्हाळ्याच्या अखेरीस वा शरदात सर्वाधिक उष्ण होते. पाण्याच्या मार्गात बर्फ असेल तर मात्र हे चित्र बदलते. १ किग्रॅ. बर्फ वितळण्यासाठी सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एवढी उष्णता १ किग्रॅ. पाण्याला ०° पासून सुमारे ८०° से. पर्यंत तापवू शकेल. त्यामुळे पावसाचे किंवा वितळलेल्या हिमाचे पाणी गोठलेल्या थराला स्पर्श करीत वाहताना आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि ऐन ऑगस्टमध्येही जवळजवळ ०° से. तापमानाने बाहेर पडते. ऑस्ट्रियातील श्टुबाय आल्प्समधील रायखेनकार या सक्रिय शिलाहिमनदीच्या झऱ्यांचे पाणी संपूर्ण वितळण-हंगामात १.५° से.च्या खालीच राहिल्याचे दिसून आले आहे.

निकष व मापन

स्विस हिमनदीतज्ज्ञ विल्फ्रीड हेबर्ली यांनी १९७०च्या दशकात ग्राउब्युन्डन प्रदेशातील पर्माफ्रॉस्टच्या अभ्यासात अशा साध्या खुणांचा पद्धतशीर वापर केला. हिवाळ्यात जाड हिमथराच्या तळाशी तापमान मोजण्याची पद्धतही त्यांचीच. झऱ्यांसाठी पुढे रूढ झालेला निकष ढोबळमानाने असा : उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी १° से.पेक्षा थंड असल्यास पर्माफ्रॉस्ट संभाव्य, १° ते २° से. असल्यास शक्य आणि २° से.पेक्षा अधिक असल्यास असंभाव्य. निरनिराळ्या अभ्यासांत या सीमा अंशाच्या काही दशांशांनी मागेपुढे झालेल्या आढळतात.

मापनाची वेळ येथे निर्णायक असते. जून-जुलैमध्ये जवळजवळ प्रत्येक उंच झऱ्यात हिमाचे पाणी मिसळलेले असते व त्यामुळे सर्वच झरे थंड असतात. म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर, म्हणजे जुना हिम संपल्यानंतरचा व नवा पडण्यापूर्वीचा काळ निवडतात. निर्णय एका अंशाच्या फरकावर अवलंबून असल्याने तापमापक बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात ०° से.वर तपासून घेतात. तो पाणी बाहेर पडते अगदी त्याच बिंदूवर, सावली धरून, आकडा स्थिर होईपर्यंत बुडवून ठेवावा लागतो. उन्हाने तापलेल्या दगडांवरून काही मीटर वाहिलेले पाणीही फसवे ठरू शकते. शक्य तेथे आपोआप नोंद करणारे उपकरण झऱ्यात ठेवतात. संपूर्ण उन्हाळाभर जवळजवळ सपाट राहणारी तापमानाची रेषा एकट्यादुकट्या मापनापेक्षा अधिक विश्वसनीय असते.

मर्यादा

थंड पाण्याला इतरही कारणे असतात. वरच्या उतारावर हिमनदी, दडलेला हिमखंड किंवा न वितळलेला हिम असेल तर त्याखाली पर्माफ्रॉस्ट नसतानाही झरा थंडच राहतो. काही दगडाळ उतारांत हिवाळ्यात आतील तुलनेने उबदार हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि तळाशी थंड हवा ओढली जाते. त्यामुळे उताराचा पायथा अनपेक्षितपणे थंड होतो. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील क्रू-द्यु-व्हाँ येथे सुमारे १,२०० मी. उंचीवर, हवेचे वार्षिक सरासरी तापमान ०° से.च्या बरेच वर असतानाही, अशा उताराच्या पायथ्याशी गोठलेली जमीन आढळते. खड्या, कोरड्या खडकभिंतींना झरेच नसल्यामुळे तेथे ही पद्धत निरुपयोगी आहे, आणि पर्माफ्रॉस्ट वितळल्याने कोसळण्याचा धोका तर अशाच भिंतींना मोठा असतो. भूगर्भीय उष्णतेने तापलेल्या उन्हाळ्यांनाही, म्हणजे उष्ण झऱ्यांना, ती लागू होत नाही.

याउलट, पाणी उबदार आहे म्हणून खाली बर्फ नाही असेही म्हणता येत नाही. पर्माफ्रॉस्ट तुकड्यातुकड्यांनी उरला असेल तर पाणी त्याला वळसा घालून जाते, किंवा त्याच्या खालून येणाऱ्या उबदार भूजलात मिसळते. लुका कार्तुरान व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ही बाब विशेषत्वाने पुढे आली. इटलीच्या पूर्व आल्प्समधील ७९५ चौ. किमी.च्या पाणलोट क्षेत्रात अवशिष्ट म्हणून वर्गीकृत ५० शिलाहिमनद्यांच्या झऱ्यांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे पाणी बर्फयुक्त शिलाहिमनद्यांच्या पाण्याइतकेच थंड निघाले. परस्परविरुद्ध लक्षणे असलेल्या दोन ठिकाणी विद्युत रोधकतेचे मापन केले असता दोन्हीकडे गोठलेला गाळ आढळला. २,००० मी.पेक्षा कमी उंचीवर, पूर्णपणे वनस्पतींनी झाकलेल्या आणि ३.७° से.पर्यंत तापमानाचे झरे असलेल्या शिलाहिमनदीतही पर्माफ्रॉस्ट असू शकतो, असे त्यांना दिसून आले. म्हणजे २° से.ची सीमा काटेकोरपणे पाळली असती तर असे स्थळ यादीतून वगळले गेले असते. बाह्यतः मृत वाटणाऱ्या अशा शिलाहिमनद्यांना छद्म-अवशिष्ट म्हटले जाते. त्या प्रदेशातील शिलाहिमनद्यांत साठलेल्या एकूण बर्फापैकी सुमारे २० टक्के बर्फ त्यांत असावा, असा या अभ्यासाचा अंदाज आहे. हिमनद्या आक्रसत असताना खोऱ्यांतील उन्हाळी पाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांच्या दृष्टीने हा वाटा लहान नाही.

तापमानावरून बर्फाचे प्रमाणही कळत नाही. बर्फाचा थोडासा अंश पाण्याच्या मार्गात असला तरी पाणी थंडच राहते. त्यामुळे झऱ्याचे तापमान वाढू लागेपर्यंत बराचसा बर्फ नाहीसा झालेला असू शकतो. म्हणून तापमानासोबत पाण्याची विद्युत वाहकता आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाणही मोजतात, जेणेकरून पाऊस, हिम, भूजल व बर्फ यांचे वाटे वेगळे करता येतील. अशा रासायनिक मापनांचे महत्त्व पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनेही आहे. दक्षिण टायरोलमधील रासास सरोवराला एका शिलाहिमनदीचे पाणी मिळते. दोन दशकांत या सरोवराच्या पाण्याची विद्युत वाहकता १८ पटींनी वाढली व त्यातील निकेलचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदविले आहे.