दुसरी गोळी कशासाठी?

वरवट बकालच्या एका ओळखीच्या माणसाने दबक्या आवाजात विचारले, ‘भाऊ, बाकीच्यायले एक गोळी, मलेच दोन काऊन? माहा आजार वाढला का?’ त्याला क्षयही होता.

एचआयव्हीचा विषाणू सतत बदलतो, म्हणून तीन औषधे एकत्र देतात. २००४ साली सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा स्टॅव्हुडिनने काहींच्या पायांच्या नसा बिघडत, झिडोव्हुडिनने रक्त घटे. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर एकाच गोळीत मिळतात. टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंड तपासतात.

मात्र क्षयावरचे रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिर शरीरातून लवकर संपवते. म्हणून १२ तासांनी त्याची आणखी एक गोळी. हे कोणी न सांगितल्याने तो नेमकी तीच सोडायच्या बेतात होता.