वास्को-द-गामा आणि आपल्या वाशिमचा काय संबंध?

आठवीच्या इतिहासात 'युरोप आणि भारत' हा पाठ आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : समुद्र आपल्यापासून एवढा लांब, मग ही जहाजांची भानगड आपण कशाला शिकायची? प्रश्न रास्त आहे. वाशिमहून मुंबईचा किनारा रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर. तरीही ती जहाजं आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि बाजार समितीच्या फाटकापर्यंत आलेली आहेत. कशी, ते बघू.

आधी कारण. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुश्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियनांनी सागरी मार्ग शोधला, हे उत्तर तुम्ही परीक्षेत लिहिता. लिहा, गुण मिळतील. पण तेवढ्यावर थांबू नका. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउटा हे बंदर 1415 मध्येच घेतलं होतं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या 38 वर्षं आधी. त्यानंतर ते आफ्रिकेच्या किनाऱ्याने हळूहळू खाली सरकत होते. आणि 1453 नंतरही आपल्याकडचं मिरं इजिप्तमार्गे व्हेनिसला पोचतच होतं. अडचण अशी होती की वाटेत प्रत्येक जण आपला नफा काढायचा. हे मधले दलाल टाळून माल थेट आणायचा, ही पोर्तुगीजांची धडपड. शेतमाल विकणाऱ्या घरातल्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

1488 मध्ये बार्थोलोम्यू डायस आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला. जुलै 1497 मध्ये वास्को-द-गामा लिस्बनहून चार जहाजं घेऊन निघाला आणि पुढच्या वर्षी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरात पोचला. आता इथं नीट लक्ष द्या. मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला. तो हिंदी महासागराचा जाणकार होता. अरब, गुजराती, मलबारी खलाशी हा समुद्र शेकडो वर्षं पार करत होते. त्यांच्याकडे एक गुपित होतं आणि ते गुपित तुमच्या घरच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे : मोसमी वारा.

उन्हाळ्याच्या शेवटी नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. तोच पुढे मृगाचा पाऊस आणतो आणि आपल्याकडे पेरण्या सुरू होतात. हाच वारा शिडात भरला की जहाज आफ्रिकेकडून भारताकडे ढकललं जातं. हिवाळ्यात वारा उलटा, ईशान्येकडून वाहतो, तेव्हा परत जायचं. गामाची जहाजं मालिंदीहून निघून अवघ्या 23 दिवसांत मलबार किनाऱ्याला लागली आणि 20 मे 1498 रोजी कालिकतजवळ पोचली. परतताना मात्र तो वारा उलटण्याची वाट न बघता ऑगस्टअखेरीसच कालिकतहून निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने समुद्रात जहाजं लोटली, आणि मालिंदीला पोचायला त्याला तीन महिने लागले. जाताना 23 दिवस, येताना तीन महिने! ताजी फळं-भाजी नाही, म्हणजे क जीवनसत्त्व नाही. स्कर्वीने हिरड्या सुजून माणसं पटापट मेली. जहाज चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून एक जहाज तर जाळून टाकावं लागलं.

म्हणून 'गामाने भारताचा शोध लावला' असं वाक्य वहीत लिहू नका. युरोपहून भारतापर्यंतचा अखंड सागरी मार्ग युरोपियनांना सापडला, एवढंच लिहा. नवीन काय होतं, तर जहाजावरच्या तोफा आणि त्यांच्या जोरावरची दादागिरी. 1510 मध्ये गोवा, 1534 मध्ये वसई त्यांच्या हाती गेली. समुद्रात जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायचा, नाहीतर जहाज जप्त. आपल्याच समुद्रात फिरायला आपणच फी भरायची! वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये परत घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता वाशिम. गामा ज्याच्यासाठी आला ते मिरं. पूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरं, पिंपळी, आलं वापरत. मिरची मूळची अमेरिकेतली; ती पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. नवं फळ तिखट लागलं म्हणून लोकांनी त्याला मिऱ्याच्याच नावावरून 'मिरची' म्हटलं. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात ठेचा नव्हता! निदान मिरचीचा तरी नव्हता.

शब्दांचंही तसंच. पगार, घमेलं, पिंप, फीत, तुरुंग, तंबाखू, पाव, कोबी, काजू हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. पिंप म्हणजे त्यांच्या जहाजावरचा 'पिपा', दारूचा लाकडी बुधला. पण किनाऱ्यापासून दूर येता येता काही शब्द वाटेतच थांबले. 'बटाटा' हा पोर्तुगीज शब्द पुण्या-मुंबईत रुळला. आपल्या घरात अजून 'आलू'च. पुस्तकात 'पेरू', आपल्या तोंडी 'जाम'.

सगळ्यात गंमत बाजार समितीत. कारंजा किंवा रिसोडच्या यार्डात आपण 'हर्रास' म्हणतो, तो शब्द अरबीतून आला. कागदावर 'लिलाव' छापलेलं असतं, तो पोर्तुगीज. समुद्रावरचा व्यापार आधी अरबांच्या आणि मग पोर्तुगीजांच्या हातात होता. दोघांचेही शब्द आज सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभे आहेत. (जाता जाता : गामा आला मे 1498 मध्ये, आणि आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. बरोबर पाचशे वर्षं. योगायोगच, पण सनावळी लक्षात ठेवायला सोपा.)

उपक्रम : घरी आजीला विचारा, तिच्या लहानपणी बादली, चावी, घमेलं यांना काय म्हणत. वऱ्हाडी शब्द एका रकान्यात, पुस्तकातला दुसऱ्या रकान्यात लिहा आणि सोमवारी वही घेऊन या.